शंभर दाण्यांचा पाठ

“ह्या मोजून घ्या,” असं म्हणत वाघमोडे सरांनी माझ्या टेबलावर फडक्यात बांधलेल्या अकरा पुरचुंड्या ठेवल्या. “अकरा घरांचं शाळूचं बी हाय. सांडू नका, आन् एकमेकांत मिसळू तर अजिबात देऊ नका.”

“हे कशासाठी, सर?”

“म्हंजी? कॉलेजात शिकवलं न्हाई?”

हिवरवाडीच्या शाळेत पाऊल ठेवून मला तासही झाला नव्हता आणि हे वाक्य ते तिसऱ्यांदा म्हणत होते. आधी शाळेच्या विहिरीवरची मोटर कशी चालू करायची ते मला येईना म्हणून, मग शाळेच्या बैलांची नावं माहीत नाहीत म्हणून, आणि आता हे. मला राग आला. कृषीची पदवी मी विशेष प्रावीण्यासह मिळवली होती. एकशे चाळीस मुलांत आम्ही मुली नऊ, आणि त्या नऊ जणींत मी पहिली. बैलांची नावं कुठल्या अभ्यासक्रमात असतात, ते मला अजूनही कुणी सांगितलेलं नाही.

ही एकोणीसशे चौऱ्याण्णव सालची, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मी तेव्हा बी.एड. करत होते. बी.एड.ला छात्रसेवाकाल नावाचा एक प्रकार असतो. आठवडाभर आम्ही शिकाऊ शिक्षकांनी एखादी शाळा ताब्यात घ्यायची आणि घंटा वाजवण्यापासून तास घेण्यापर्यंत सगळं आपणच करायचं. त्या आठवड्यात शाळेचे खरे शिक्षक बाहेर लिंबाखाली खुर्च्या टाकून बसतात आणि आपली मजा बघतात. आम्ही पाच जण होतो. चौघांकडे मराठी, गणित असले सरळ विषय, आणि माझ्याकडे शेती. हिवरवाडीच्या हायस्कूलला दीड एकर रान होतं, बैलजोडी होती आणि आठवीपासून शेती हा विषय होता.

वाघमोडे सर तिथे एकोणीस वर्षं शेती शिकवत होते. पांढरा सदरा, पायात कातडी वहाणा, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की समोरचा माणूस आता काहीतरी चुकीचं बोलणार आहे. त्यांनी सांगितलं ते असं. दरवर्षी रब्बीची पेरणी तोंडावर आली की गावातली काही घरं आपलं शाळूचं, म्हणजे रब्बीच्या ज्वारीचं, बियाणं शाळेत तपासायला देतात. नववीची मुलं प्रत्येक घरचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर मांडतात, गुंडाळून ठेवतात, पाणी मारतात. सहाव्या दिवशी, शनिवारी, आईबाप शाळेत येतात. मुलं गोणपाट उलगडून किती उगवले ते मोजतात आणि आकडा फळ्यावर लिहितात. सत्तरच्या वर उगवले तर बी बिनघोर पेरायचं. पन्नास ते सत्तर असले तर एकरी थोडं जास्त धरायचं. पन्नासच्या खाली गेलं तर त्या बियाचं पीठ करायचं आणि पेरायला दुसरं बघायचं.

“गाव ह्या आकड्यावर पेरतंय,” सर म्हणाले. “औंदा तुमचा आठवडा मधीच आला. मला वर्गात पाय ठेवायचा न्हाई असा नियम हाय म्हणत्यात. तवा तुमीच करा.”

मला आनंदच झाला. कारण शनिवारी आमचे प्राचार्य खासनीस सर स्वतः माझा पाठ बघायला येणार होते, आणि त्यांना दाखवायला याहून चांगला विषय मिळाला नसता. त्या पाठावर माझं बरंच काही अवलंबून होतं. आमच्या संस्थेची नवी शेतकी शाळा जूनमध्ये सुरू होणार होती. खासनीस सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, “हुक्केरी, सेवाकालाच्या पाठाला साठच्या वर मार्क आणा. जागा तुमची.” आणि घरी सांगलीला बाबांनी बजावलं होतं, “हे एक वर्ष तुझं. नोकरी लागली तर ठीक. नाही तर पुढच्या वर्षी बँकेच्या परीक्षेला बसायचं, आणि कुरकुर करायची नाही.” बँकेत मी गेले असते तर बँकेचं आणि माझं दोघांचंही वाटोळं झालं असतं, याची मला खात्री होती.

सोमवारी दुपारी नववीच्या वर्गात आम्ही गोणपाटाचे अकरा तुकडे अंथरले. प्रत्येकावर घराच्या नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधली. अठ्ठावीस मुलं गुडघ्यांवर बसून दहा-दहाच्या ओळीत दाणे मांडत होती. मी मधून फिरत होते आणि आपण किती सुंदर शिकवतो आहोत याचं मला स्वतःलाच कौतुक वाटत होतं.

“हे बघा,” मी म्हणाले, “शंभर दाणे म्हणजे शंभर मार्कांचा पेपर समजा. जितके उगवतील तितके मार्क. सत्तरच्या वर पहिला वर्ग. पन्नासच्या खाली नापास.”

“कोन नापास, बाई?” बिरू कोळेकरनं विचारलं. हा वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. शंका काढण्यात त्याचा हात कुणी धरत नसे.

“कोण म्हणजे? शनिवारी आमचे मोठे सर परीक्षा घ्यायला येणार आहेत. चांगलं नाही झालं तर मीच नापास!”

सगळा वर्ग हसला. मीही हसले. हसली नाही ती एकटी शालन गडदे. पहिल्या रांगेत बसणारी, दोन घट्ट वेण्या घातलेली ही मुलगी वर्गाची प्रमुख होती, आणि कुठलीही गोष्ट मनावर घ्यायची तिला सवय होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग आपल्या घरच्या दाण्यांकडे बघितलं, आणि एक वाकडा पडलेला दाणा बोटाने सरळ केला.

पुढचे तीन दिवस मला श्वास घ्यायला सवड नव्हती. सकाळी परिपाठ, मग सहा तास, मधल्या सुट्टीत मुलींची खो-खो, संध्याकाळी हस्तलिखिताचं काम, आणि दर पाठाचं टाचण वेगळं. मंगळवारी आठवीला नांगराचे भाग शिकवायचे होते. मी रंगीत खडूंनी फळ्यावर नांगर काढला. एका मुलाने उठून नम्रपणे सांगितलं, “बाई, ह्यो नांगर उलटा हाय. असा धरला तर बैल मागं चालावं लागतील.” बुधवारी शाळेच्या रानात वाफे बांधताना मी स्वतः फावडं हातात घेतलं आणि पहिल्याच घावाला पाइप फोडला. लिंबाखालून वाघमोडे सरांचा आवाज आला, “असू दे, असू दे! तेवढंच रानाला पानी!” बाकीचे शिक्षक पोट धरून हसत होते. बैलांची नावं मात्र तोपर्यंत मला पाठ झाली होती, सर्जा आणि पतंग.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी मुलांसमोर गोणपाटं उलगडून बघितली. कोंब छान निघाले होते. बिरूच्या घरच्या गोणपाटावर जवळजवळ सगळेच. काहींवर साठ-सत्तर. गडद्यांच्या गोणपाटावर मात्र जेमतेम तीस. मला वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू? तिन्ही प्रकारचं बी मिळालं, म्हणजे शनिवारी तिन्ही नियम शिकवता येणार. मी मनातल्या मनात खासनीस सरांची शाबासकी घेत होते.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, “बाई, शेळी!”

शनिवारच्या पाठासाठी मी चार दिवस खपून एक तक्ता केला होता. दाण्यातून मूळ, मग कोंब, मग पान असे सगळे टप्पे, आणि तेही चित्रं काढून नव्हे, तर खरी रोपं सुकवून, खळीने चिकटवून. मी धावत पोचेपर्यंत शिपायाच्या शेळीने मुळापासून पानापर्यंतचे सगळे टप्पे खाऊन टाकले होते. खळीसकट. फक्त ‘ज्वारीचे अंकुरण’ हे शीर्षक शिल्लक होतं.

मी परत आले आणि उलगडलेल्या गोणपाटांशेजारी कपाळाला हात लावून खाली बसले. मुलं भोवती गोळा झाली.

“गेलं सगळं,” मी म्हणाले. “शनिवारी मी नापास. आता माझं काही खरं नाही.”

शालनने गोणपाटं एकेक करून पुन्हा गुंडाळून ठेवली.

शुक्रवारी नववीचा वर्ग इतका गुणी झाला होता की मला भरून आलं. मी गोणपाटांवर पाणी मारायला गेले तर शालनने तांब्या हातातून काढून घेतला. “बाई, तुमी तुमचं टाचण काढा. पानी आमी बघतो.” बिरू दाराशी उभा राहून पहारा देत होता. “लहान पोरं आत यायची बाई, धक्का लागंल,” तो म्हणाला. त्यांनी मला दिवसभरात एकदाही त्या खोलीत येऊ दिलं नाही. मी नवा तक्ता रंगवत बसले, यावेळी कागदाचा आणि शेळीच्या उंचीच्या वर टांगलेला. सेवाकालाच्या रोजनिशीत मी त्या दिवशी लिहिलं, ‘विद्यार्थ्यांमध्ये जबाबदारीची जाणीव निर्माण झाली.’ ती रोजनिशी माझ्याजवळ अजून आहे.

शनिवारी सकाळची शाळा. व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या. एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला अकरा घरची माणसं. शालनची आई हौसाबाई अगदी पुढे बसली होती, उंच, काटक बाई, कपाळावर मोठं कुंकू. बिरूचे वडील धोंडिबा खांबाला टेकून बसले होते. खासनीस सर स्वच्छ इस्त्रीच्या कपड्यांत, मांडीवर माझं टाचण आणि हातात लाल पेन घेऊन खुर्चीवर बसले होते. वाघमोडे सर नियम पाळून व्हरांड्याच्या पायरीखाली उभे होते.

पाठ छान सुरू झाला. माझी प्रस्तावना बरोबर पाच मिनिटांची झाली. मग मुलांनी एकेक गोणपाट उलगडलं, मोजलं आणि आकडे सांगितले.

“कोळेकर, शंभर!”

“माने, सत्त्याण्णव!”

“सलगर, अठ्ठ्याण्णव!”

माणसं खूश होऊन एकमेकांकडे बघू लागली. धोंडिबा म्हणाले, “औंदा बी लई झ्याक हाय की गावाचं!” खासनीस सरांचं लाल पेन भराभर चालत होतं, आणि ते स्वतःशी मान डोलवत होते. मी फळ्यावर आकडे लिहीत होते, पण लिहिता लिहिता हात सावकाश होऊ लागला. मान्यांच्या गोणपाटावर गुरुवारी साठच होते ना?

“गडदे,” शालनने खणखणीत आवाजात वाचलं, “नव्व्याण्णव.”

“बघा!” हौसाबाई शेजारणीला म्हणाल्या. “उगीच घोर लावून घेतला मी. सोमवारी पेरणीला पाभर धरायला हरकत न्हाई.”

शाळूचा दाणा उगवायचा तर तीन-चार दिवसांत उगवतो. गुरुवारी तीस आणि शनिवारी नव्व्याण्णव हे होत नसतं. पाणी कमी पडलं असेल, दाणे उशिरा फुटले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि टाचणातली पुढची ओळ धरली. ‘शिक्षक एक रोप उचलून मूळ दाखवतील.’ गडद्यांच्या गोणपाटावरचं एक रोप मी चिमटीत धरलं. ते सहज वर आलं, ताटलीतला भाताचा कण उचलावा तसं. मी दुसरं धरलं. ते येईना. ओढलं तर मूळ तुटलं. सहा दिवसांत त्याच्या मुळ्या गोणपाटाच्या विणीत पार आतपर्यंत शिरल्या होत्या. तिसरं उचललं, ते मोकळं. चौथंही मोकळं. ते तिथं उगवलेलंच नव्हतं, कुणीतरी आणून ठेवलेलं होतं.

मी शालनकडे बघितलं. ती माझ्याकडे बघून हसत होती, अगदी मनापासून, खूप चांगलं काम केल्यासारखी. बिरूही हसत होता. सगळा वर्ग हसत होता.

खासनीस सरांनी घड्याळ बघितलं. माझी बारा मिनिटं उरली होती. सारांश सांगायचा, दोन प्रश्न विचारायचे, गृहपाठ द्यायचा. मोठ्या सरांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं, साठ काय, सत्तरच्या वर मार्क पडणार होते. दुपारी ते जीपने परत जाणार. नंतर संध्याकाळी घरोघर जाऊन सगळ्यांना खरं सांगता येईल, असा विचार माझ्या मनात आला. आला, हे कबूल करते. पण अकरांपैकी चार घरं दूर वस्तीवर होती, आणि फळ्यावर माझ्याच अक्षरात नव्व्याण्णव लिहिलेलं होतं. हौसाबाई उठून पदर खोचत होत्या.

“बसा जरा,” मी म्हणाले. “कुणी उठू नका. हे आकडे खोटे आहेत.”

हौसाबाई खोचलेला पदर तसाच धरून खाली बसल्या.

“हुक्केरी,” खासनीस सर हळूच म्हणाले, “हे टाचणात नाही.”

“नाही, सर.” मी डस्टर घेतलं आणि सगळे आकडे पुसून टाकले. मग मुलांकडे वळले. “कुणी केलं?”

रागावून विचारायचं ठरवलं होतं, पण आवाजात राग आलाच नाही. शालनचं हसू हळूहळू मावळलं. ती उठून उभी राहिली. तिच्यामागे बिरू, आणि मग एकेक करून सगळेच्या सगळे अठ्ठावीस.

“तुमीच म्हणला हुता बाई,” शालन म्हणाली. “जितके उगवतील तितके मार्क. पन्नासच्या खाली गेलं की तुमी नापास. गुरुवारी तुमी आमचं गोणपाट बघितलं आन् रडायला लागला.”

“मी रडले नव्हते. शेळीने तक्ता...” मी म्हणायला लागले आणि थांबले.

“मग आमी बिरूच्या घरी मोड आणलं,” ती पुढे म्हणाली. “फडक्यात बांधून, मटकीला आणत्यात तसं. काल दुपारी मेलेले दाणे काढले आन् ते ठिवले. आमच्या गोणपाटाला तर लईच लागले.”

“एक मुद्दाम कमी ठिवला,” बिरूनं माहिती पुरवली. “समदीच शंभर झाली असती तर मोठ्या सरांना संशय आला असता.”

धोंडिबा खांब सोडून उठले ते थेट बिरूच्या दिशेने. “आरं, गावाचं रान मोकळं ऱ्हायलं असतं की, गाढवा!” पायरीखालून वाघमोडे सर पहिल्यांदाच बोलले. “थांबा, धोंडिबा. पोराला मागनं बघू. आधी बी बघू.” आणि नियम मोडून ते व्हरांड्यात चढले.

मी म्हणाले, “जे रोप उचलल्यावर मोकळं येईल ते बाजूला टाकायचं. जे गोणपाट सोडत नाही ते खरं. त्यांचीच मोजणी.”

त्यानंतर पाऊण तास तिथे जे चाललं त्याला पाठ म्हणणं अवघड आहे. मुलं, आया, बाप, सगळे गोणपाटांवर ओणवे झाले होते. जो तो दुसऱ्याला शिकवत होता. “आगं, वढू नगंस, नुसतं हलवून बघ.” “ह्ये बघ, ह्येनं धरून ठिवलंय.” एक म्हातारे गृहस्थ रोप हलवून बघत आणि प्रत्येक वेळी “खरं!” किंवा “लबाड!” असं मोठ्याने जाहीर करत. मध्ये घंटा झाली. कुणी हललं नाही. खासनीस सर लाल पेन बंद करून खुर्चीवर शांत बसून होते.

खरे आकडे फळ्यावर आले. कोळेकर शहाण्णव. सलगर चौऱ्याहत्तर. माने एकसष्ट. शेवटचं गोणपाट गडद्यांचं. शालनने दोनदा मोजलं. मग आईकडे न बघता वाचलं, “एकतीस.”

हौसाबाई गोणपाटाजवळ जाऊन खाली बसल्या. मोकळ्या जागेवरून त्यांनी हात फिरवला. “बियाच्या कणगीत पानी गेलं हुतं श्रावणात,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, वाळवलंय, चालंल.”

“वैनी, आमच्यातलं न्या,” धोंडिबा म्हणाले. “माझ्याच कार्ट्यानं घोळ घातलाय, माझ्याच घरचं बी न्या.” बिरू खाली मान घालून उभा होता, पण हे ऐकल्यावर पोतं आणायला पहिला पळाला तोच.

गर्दी पांगल्यावर वाघमोडे सर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. “बाई, एकोणीस वर्षं मी मोजतोय,” ते म्हणाले. “मुळं हलवून कवाच बघितलं न्हाई. पोरं किती सालापासनं असं उगवून देतायत, कोण जाणे!”

“न्हाई सर,” गोणपाटं गोळा करणारी शालन तिथूनच म्हणाली. “तुमच्या टायमाला न्हाई कधी केलं. तुमी कुठं नापास हुताय?”

वाघमोडे सर इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. एकोणीस वर्षांत त्यांना असं हसताना शाळेने पाहिलं नव्हतं म्हणे.

खासनीस सर जीपकडे जाताना मी त्यांच्यामागे गेले. विचारायचं धाडस होत नव्हतं. तेच थांबले.

“तुम्ही केलंत ते बरोबर केलंत,” ते म्हणाले. “पण ह्या निरीक्षणपत्रात उद्दिष्ट, मूल्यमापन, वर्गनियंत्रण, वेळेचं नियोजन असे रकाने आहेत. तुम्ही आज जे केलंत त्याला रकाना नाही. मी कुठं लिहू?”

“मग किती, सर?”

“बत्तीस.”

म्हणजे गडद्यांच्या बियापेक्षा मी एकाने जास्त उगवले होते. निरीक्षणपत्रावरचा शेरा मला अजून पाठ आहे: ‘सारांश झाला नाही. गृहपाठ दिला नाही. पालक पाठात बोलले.’ मी बाबांना सगळं सविस्तर लिहून कळवलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, त्यात मजकूर नव्हता, फक्त बँकेच्या परीक्षेची जाहिरात कापून घातलेली होती. शेतकी शाळेची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. तो पाठ मला फेब्रुवारीत पुन्हा द्यावा लागला. यावेळी विषय निवडला कंपोस्टचा खड्डा. त्यात कुणी प्रेमाने काही भर घातली तरी बिघडत नाही. पास झाले. नोकरी लागायला आणखी दोन वर्षं गेली, ती मी बँकेत न जाता कशी काढली ते बाबांना आणि मलाच माहीत.

पण मला सांगायचं आहे ते त्या फेब्रुवारीच्या आधीचं, जानेवारीतलं. वाघमोडे सरांचं पोस्टकार्ड आलं. ‘रविवारी हुरडा खायला येणे. नववीचा वर्ग वाट पाहत आहे.’ एवढंच. मी जड मनाने गेले. नापास झालेलं तोंड घेऊन काय मिरवायचं, असं वाटत होतं. एसटीच्या फाट्यावर शालन आणि बिरू उभे होते. त्यांनी मला शेतांमधल्या पांदीतून चालवत गडद्यांच्या रानात नेलं. धोंडिबांच्या बियाचा शाळू माझ्या डोक्याच्या वर गेला होता. मधे थोडी जागा मोकळी करून गोवऱ्यांची आगटी पेटवली होती, आणि भोवती सगळा वर्ग पोत्यांवर बसला होता. हौसाबाई निखाऱ्यातून कणसं काढून हातावर चोळत होत्या.

मी बसते न बसते तोच शालनने विचारलं, “बाई, किती पडले?”

लपवण्यात अर्थ नव्हता. “बत्तीस.”

बिरू तोंडात घास तसाच ठेवून म्हणाला, “बत्तीस म्हंजी पीठच की ओ बाई!”

मी हसले, पण शालनच्या डोळ्यांत पाणी आलं. “आमी ठिवलेलं तसंच असू दिलं असतं तर...” ती म्हणाली.

“गप गं,” हौसाबाई तिला म्हणाल्या. त्यांनी गरम कणीस चोळलं, फुंकर मारून भुसा उडवला आणि कोवळे हिरवे दाणे माझ्या ओंजळीत ओतले. हात भाजत होते, तरी मी ओंजळ मोडली नाही.

“बाई, उठून हुबं ऱ्हावा जरा,” त्या म्हणाल्या.

मी ओंजळ सांभाळत उभी राहिले.

“चारी अंगानं बघा. आमच्या रानाचा बांध दिसतोय का कुठं?”

मी टाचा उंचावून बघितलं. पुढे कणसं, मागे कणसं, वाऱ्याने एका बाजूला कललेली, आणि त्यांच्या वर फक्त आभाळ. बांध कुठेच दिसत नव्हता.

“नाही दिसत.”

“मग खावा गुमान,” हौसाबाई म्हणाल्या, आणि दुसरं कणीस निखाऱ्यातून काढलं.